एका वेळी एकच डबा

—अरे लाव ना हात, राजीव, घाबरतोस काय असा? अस्सल ओतीव बीड आहे, चावणार नाही. हँडल खाली ओढ—अजून—हं, बघ कसं लोण्यासारखं उतरतंय. महायुद्धाच्या आधीचा प्रेस आहे हा, माझ्या बापाच्या वयाचा, आणि अजून कुरकुर नाही. हल्ली बनवतात ती खेळणी, यार. तू मेकॅनिकलचा ना, नागपूरचा? मग तुला तरी कळायला हवं. आमच्या हिला, प्रतिमाला, विचारशील तर हा लोखंडी सोऱ्या. म्हणजे असं म्हणायची. हल्ली काही म्हणत नाही.

काय करायचं याच्यावर? गोळ्या भरायच्या! रेंजवर रायफल झाडली की पितळेची रिकामी पुंगळी बाहेर पडते, बरोबर? ती फेकायची नाही, घरी आणायची. इथे बसवून हँडल ओढलं की जुना प्रायमर निघतो—प्रायमर म्हणजे तिच्या बुडाशी टिकलीएवढी टोपी असते, ठोका बसला की ठिणगी—मग नवा बसवायचा, पावडर तोलून घालायची, वरून बुलेट दाबून बसवायची, झालं. आमच्या ऑफिसातले गोरे सगळे हेच करतात वीकेंडला. आपले लोक काय, शनिवार आला की पॉटलक आणि पत्ते. मला नाही सहन होत. थांब, एक गंमत दाखवतो. हा बघ प्रायमर, हा ठेवला फरशीवर, आता हातोडी—अरे, कान काय झाकतोस!—फट्! ऐकलंस? आता ऐक, वरून काही आवाज येतो का? नाही ना? बघ. पूर्वी मी इथे तळघरात हातोडी मारली की वर किचनमध्ये भांडं पडलंच समज. अशी दचकायची ही—टोस्टरमधून ब्रेड उडाला तरी 'आई गं!' गणपतीला सगळी मंडळी जमली होती, ही आमटीचं पातेलं घेऊन आली, आणि मी मागून—फट्! काय हसले लोक! म्हणजे आधी हसले. मग तिचा हात भाजला, कोपरापर्यंत, तेव्हा काकू लोकांनी उगीच तोंडं वाकडी केली. अरे, सवय मोडायची म्हणजे असंच करावं लागतं. लाडाने भीती जात नसते. तेव्हा तिला तिसरा महिना होता हे खरं, पण त्या आठवड्यात जे झालं ते—डॉक्टर स्वतः म्हणाला, दचकण्याने असं काही होत नाही. मीच विचारलं ना त्याला. तिने नाही विचारलं. तिने तर त्यावर अवाक्षर काढलं नाही, मग मी कशाला मनाला लावून घेऊ? जाऊ दे. तू बिअर घे.

हा प्रेस कुठे मिळाला ते सांगत होतो ना? आयोवात. पेपरात जाहिरात होती, म्हटलं चला, लाँग ड्राइव्ह पण होईल, हिचं तोंड पण जरा खुलेल. म्हातारी होती, मिसेस हालवर्सन, नवरा नुकताच गेलेला. तळघरात हा—तेल घातलेला, वरून त्याचा जुना शर्ट पांघरलेला. मी बघितल्याबरोबर ओळखलं, अशी वस्तू आता मिळत नाही. पण चेहऱ्यावर दाखवायचं नाही! मी हँडल ओढलं आणि च्-च् केलं. म्हटलं, बाई, हा वाकलाय, भंगार आहे, फार तर तुमची अडगळ मी घेऊन जातो. ती म्हणाली, तो रोज संध्याकाळी इथे बसायचा, मी शेजारी विणकाम करायची—आणि रडायला लागली. मी तोवर नट सैल करायला घेतले होते. अरे, मलाच थँक्यू म्हणाली! वर ॲपल पाय बांधून दिला, विचार कर. निघताना प्रतिमाचा हात धरून उभी राहिली, सोडेचना. काय बोलत होत्या कोण जाणे, बायकांचं काहीतरी.

गाडीत ही खिडकीबाहेर बघत बसली. मिसिसिपी नदी ओलांडेपर्यंत तशीच. मला वाटलं, आता म्हातारीवरून लेक्चर मिळणार. तर एकदम म्हणते कशी, "अहो, तुम्ही टेबलावर एका वेळी एकच डबा ठेवता, तो का?" मी खूशच झालो! लग्न झाल्यापासून पहिला शहाणा प्रश्न. अरे, आपल्याकडे पावडरी दोन. एक पिस्तुलाची, एक रायफलची. दोन्ही करड्या, डब्यातून बाहेर काढल्या की ओळखू म्हटलं तर चुकशील. पण पिस्तुलाची जळते भसकन्. ती जर रायफलच्या पुंगळीत भरली तर रायफल फुटते—कुठे? गालाशी! डोळा, जबडा, काही राहत नाही. म्हणून नियम. एका वेळी एकच डबा, काम झालं की उरलेली परत त्यातच ओतायची, डबा कपाटात, मग दुसरा काढायचा. सगळं समजावलं तिला. मन लावून ऐकलं तिने, दोनदा विचारलं की भरल्यावर बाहेरून काही कळतं का. म्हटलं, काही नाही, गोळी गोळीसारखीच दिसते.

तेव्हापासून भरायचं काम तिचंच. मी सांगितलंसुद्धा नाही! एमएस्सी आहे ती केमिस्ट्रीत, सांगलीला कॉलेजात शिकवायची—इथे त्या डिग्रीला कोण विचारतं—पण हात असा स्थिर, तराजूचा काटा बघत बसते, श्वाससुद्धा सोडत नाही. मी आता तपासतही नाही. भित्र्या माणसाकडून चूक होत नसते, राजीव. माझं हेच म्हणणं असतं. चूक धीट माणसं करतात. हा बॉक्स बघ, उद्यासाठी भरलाय, उद्या ऑफिसातला बॉब आणि मी रेंजवर जाणार. कशा चमकतायत! पुसूनसुद्धा ठेवल्यायत तिने एकेक. आणि पावडर ही—ही—

थांब.

हे डबे दोन कसे? नाही, तू हात लावू नकोस. कपाटातून तू काढलास का? मग—हा पिस्तुलाचा. हा फोडलाच नव्हता मी. उन्हाळ्यापासून पिस्तूल बाहेर काढलेलं नाही, हा सीलबंद होता. आणि आता बघ, केवढा खाली गेलाय. प्रतिमा! अगं प्रतिमा! जरा खाली ये! हा डबा कोणी फोडला? ...तू? आणि टेबलावर? दोन्ही एकदम? अगं, नियम सांगितला होता ना? ...'हो, सांगितला होता' काय! मग या बॉक्समध्ये कुठली घातलीस? काय? मोठ्याने बोल! 'तुम्ही सांगितलीत ती'? —बघितलंस, राजीव, ही असली उत्तरं. नाही, काही नाही, मला माहीत आहे, धांदरट आहे, डबा आत ठेवायला विसरली असेल. तिची एवढी हिंमत नाही रे. ती? झुरळ मारायला शेजारणीला बोलावते.

आता फोडून बघता येईल, एकेक बुलेट उपसून. पण दोन्ही करड्याच. ओळखणार कशी? तीच ओळखेल. —छे! वेडेपणा आहे सगळा. असं करू. उद्या तूही चल. पाहुणा आहेस, पहिली गोळी तू झाड. का? मजा येते रे, खांद्याला जरा धक्का बसतो, बाकी काही नाही. मी मागे उभा राहतो ना. ठरलं, पहिली गोळी राजीवची—

काय म्हणालीस? जिन्यात उभं राहून पुटपुटू नकोस. —'राजीवला नको'? का? त्याला का नको? प्रतिमा, मी काय विचारतोय? मला चालेल आणि त्याला का नको? ...गेली. बघ, वर गेली. हसली का रे ती? तू बघत होतास ना, मग सांग की!

—आई गं! काय पडलं ते? ...ताट? ताट ठेवलं तिने ओट्यावर? मी कुठे दचकलो? बिअर सांडली, बाटली ओली होती. तू काय बघतोयस माझ्याकडे? काय ऐकायला आला होतास तू इथे? जा तू, उशीर झालाय तुला, जा. —नाही, नाही. थांब. बस. असं जेवल्याशिवाय कसा जाशील? ती हाक मारतेय, ऐकलंस ना, पानं घेतलीयत म्हणतेय. आवाज बघ कसा गोड. महिन्याभरात नव्हता असा.

ऐक. वर गेलो की तू माझ्या पानावर बस. खिडकीकडचं. कारण काय असणार, काही नाही, तिथून अंगण दिसतं, तुला आवडेल. मी बसतो तुझ्या पानावर.

काय झालं? ऊठ. चल. तू पुढे हो.