तीन नंबरच्या संगणकात ठेवलेला पासवर्ड

विषय — ह्या इंटरनेटच्या दुकानातल्या तीन नंबरच्या संगणकात जतन केलेला पासवर्ड नष्ट झालेबाबत. संदर्भ — म्हस्कूराव, तुमचा आत्ताचा तोंडी प्रश्न, की 'रसूलभाई, नुसतंच त्या पडद्याकडं काय बघत बसलाय?' दिनांक तीस डिसेंबर नव्व्याण्णव, मुक्काम बारामती. — चहा नको, रोजा हाय.

तर ऐका. आमची समिना बेंगलोरला नोकरीला निघाली तवा मी म्हणालो, गेलीस तर मला फोन करायचा न्हाय. पोरगी माझीच — आदेशातली पळवाट तिला लगेच दिसली. 'फोन न्हाय ना अब्बा? मग ईमेल करीन.' हितं आणून खातं काढलं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला — 'पाठ करा, मग फाडा.' तेवढ्यात ह्या यंत्रानं विचारलं, पासवर्ड मी लक्षात ठेवू का? ठेव बाबा, म्हणालो. इंदापूरच्या कचेरीत छत्तीस वर्षं काढली, इतक्या अदबीनं कुणी विचारलं नव्हतं. आणि पक्की नोंद झाली की कच्चा कागद फाडायचा, ही आमची रीत — फाडला. बारीक तुकडे केले, गोपनीय म्हणून. पाठ कशाला करायचं, दप्तरी हाय की. — व्हय, हितं बसणाऱ्या कुणालाबी माझी पत्रं उघडता आली असती, ते मालकानं, रविराजनं, नंतर सांगितलं. दोन हजार साल लागलं की संगणक बिघडणार म्हणून त्यानं परवा सगळे पुसून कोरे केले. माझ्या दप्तरासकट.

शेवटचं पत्र होतं, 'अब्बा, ईदला येऊ का?' उत्तर द्यायचं राहिलं — राहिलं म्हणजे, मसुदा तयार होता, 'ये' एवढाच. पण लगेच पाठवला तर वजन राहत न्हाय, म्हणून आठ दिवस ठेवला. तिचा ईमेलचा पत्ताबी आतच.

फोन? नंबर हाय मेहबूबबीकडं, दर रविवारी मायलेकी बोलतात. मी तवा न्हाणीत जातो — नळ बंद ठेवून. — न्हाय, बायकोकडून निरोप नको, पोरीनं मला विचारलंय. आणि मी फोन लावायचा तर आधी माझाच आदेश रद्द व्हायला पाहिजे. त्यासाठी रीतसर अर्ज लिहिलाय. अर्जदार मी, मंजुरी देणारा साहेबबी मीच — आन् साहेब लई खडूस हाय, म्हस्कूराव.

ईदला दहा दिवस हायेत. जावा तुमी, डाळजची एसटी चुकंल. अर्ज विचाराधीन हाय.