डॉक्टर सहा आठवडे म्हणाले होते

मंडळी, सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या ना? मागच्या बायांना मिळाल्या? बरं.

मिल्कामावशीला जाऊन आज तीस दिवस झाले. कोणी हैफाहून आलंय, कोणी लोदहून, दोन-दोन बस बदलून, ह्या थंडीत. तुमचे उपकार. मला सांगितलंय, दानिएल, दोन शब्द बोल. ते दोन शब्द मी तीस दिवस तोंडात घोळवतोय. आज बाहेर आले नाहीत तर पुन्हा येणार नाहीत. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

जे ओळखत नाहीत त्यांना सांगतो. मी मावशीच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. चौसष्ट साली ठाण्याहून इथं इस्रायलला, डिमोनात आलो तेव्हा बारा वर्षांचा होतो. आईबाबा दोघं कामावर, म्हणून मी वाढलो मावशीच्या स्वयंपाकघरात. आज मी व्यायाम शिकवतो. म्हातारी माणसं, ऑपरेशन झालेली माणसं, त्यांच्या घरी जायचं आणि त्यांचे गुडघे, खांदे, कंबर चालती करायची, हा माझा धंदा. हे ध्यानात ठेवा.

मावशीचं स्वयंपाकघर तुम्ही पाहिलंय. ती जमिनीवर बसायची. एक मांडी घातलेली, एक गुडघा वर, पाय विळीच्या पाटावर दाबलेला. कांदा चिरायची, मासळी साफ करायची, भाकरी थापायची, सगळं जमिनीवर. दारात कोणी आलं की उठायची. मीठ हवं, उठायची. पाणी हवं, उठायची. हात टेकायची नाही. साठी उलटलेली बाई, हातात पिठाची परात, आणि सरळ उभी राहायची. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी होत असेल. आम्हाला त्यात काही दिसायचं नाही. बाई उठली, बाई बसली, त्यात काय बघायचं?

मग मी कॉलेजात गेलो, व्यायामशिक्षकाचं शिकायला. तिथं मला शिकवलं की सांध्याला दोन गोष्टी लागतात. हलायचं तिथं तो मोकळा हलला पाहिजे, आणि थांबायचं तिथं घट्ट थांबला पाहिजे. आणि ही दोन्ही कामं हाडं करत नाहीत, भोवतालचे स्नायू करतात. स्नायूला रोज काम दिलं तर तो काम ओळखतो. काम काढून घेतलंत की विसरतो. हे मी परीक्षेत लिहिलं. चांगले मार्क मिळाले. मावशीनं आजूबाजूला चिवडा वाटला.

त्याच वर्षी माझे एक मास्तर जेवायला आले. गोरा माणूस, मनानं चांगला. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, मावशी खाली बसून कांदा चिरत होती. मला हिब्रूत विचारलं, "घरात टेबल नाही का?" चेष्टा नव्हती त्यात. पण मंडळी, माझे कान तापले. मला मावशीची लाज वाटली. जिनं मला भरवलं तिची मला लाज वाटली. हे आज मी माइकवर बोलतोय, आणि माझी आई पहिल्या रांगेत बसलीय.

तीन वर्षांपूर्वी मावशीचा उजवा गुडघा सुजला. मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. तिचं हिब्रू म्हणजे बाजारापुरतं, म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलणार आणि मी तिला सांगायचं. डॉक्टर म्हणाले, सूज आहे, सहा आठवडे खाली बसू नका, मग हळूहळू परत सुरू करा. मी नीट ऐकलं. सहा आठवडे. मग परत सुरू करा.

मी मावशीकडे वळलो आणि म्हणालो, "मावशी, डॉक्टर म्हणतात, आता कधीच खाली बसायचं नाही."

त्या खोलीत तिघं होतो. एकाला मराठी येत नव्हतं. एकीला हिब्रू येत नव्हतं. दोन्ही फक्त मला येत होतं.

मावशी म्हणाली, "कधीच नाही? मग मी जेवण कुठं करू, छपरावर?" मी म्हटलं, टेबल आणतो. ती हसली. म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दानी. ठाण्यात तुला चालायला मी शिकवलं, आणि तू मला बसायला शिकवतोस?" पण ऐकलं तिनं. डॉक्टरसाहेब सांगतात म्हणजे खरंच असणार, असं मानणारी पिढी ती. विळी तिनं इथं समोर बसलेल्या ह्या रिबकाआजीला दिली. मी टेबल आणलं, दोन खुर्च्या आणल्या, वर फुलांचं कापड घातलं. मला फार बरं वाटलं. सांगतो ना, फार बरं वाटलं.

आणि मग मी दर गुरुवारी तिला व्यायाम द्यायला जाऊ लागलो. खुर्चीवर बसवायचो, घोट्याला वाळूची पिशवी बांधायचो, पाय सरळ वर, पाय खाली. दिवसभराची तिची उठबस मी काढून घेतली आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटं दिली. पहिल्या वर्षी ती खुर्चीवरून उठताना टेबल धरू लागली. दुसऱ्या वर्षी दोन्ही हातांनी. मांड्या बारीक झाल्या. कंबर आखडली. मी म्हणायचो, वय झालं. माझा धंदा काय? हेच बघायचा. मी बघितलं आणि म्हणालो, वय झालं.

आता त्या शुक्रवारचं सांगतो. शोशना, तू खाली मान घालू नकोस. माझ्याकडे बघ. तू मराठी बोलायचं सोडलंस, तरी कळतं तुला सगळं.

मावशी शब्बातला, म्हणजे शुक्रवार-शनिवार, हैफाला लेकीकडे, शोशनाकडे जाणार होती. शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून झालं होतं. शोशनाच्या पोराला ताप आला, तिनं मला फोन करून सांगितलं, आईला म्हणावं ह्या आठवड्यात नको येऊ. मावशीकडे फोन नाही, अर्ज करून चार वर्षं झाली. मी गुरुवारी गेलो, निरोप दिला, व्यायाम घेतला. पाय तीस वेळा वर. माझ्या वहीत लिहिलं, उत्तम.

शुक्रवारी सूर्य मावळायच्या आधी ती स्वयंपाकघरात पाय घसरून बसली. ऐका, पडलीसुद्धा नाही, बसली. कुठं मोडलं नाही, कुठं खरचटलं नाही. फक्त उठता येईना. शेजाऱ्यांना वाटलं, बाई हैफाला गेली. दुसऱ्या दिवशी शब्बात संपल्यावर शेजारीण उसनी परात दाराशी ठेवायला आली, आतून कण्हणं ऐकू आलं, तेव्हा कळलं. एक रात्र आणि एक दिवस, डिमोनाच्या थंडीत, फरशीवर. टेबलावरचं ते फुलांचं कापड ओढून तिनं अंगावर घेतलं होतं.

फुप्फुसात थंडी भरली. नऊ दिवस हॉस्पिटलात होती. मला म्हणाली, "दानी, लागलं कुठंच नाही रे. पायांना म्हटलं उठा, तर पाय ऐकेनात. तू चिडू नको हं, मी व्यायाम रोज करत होते." मी चिडू नको! मी तिथं बसलो होतो, आणि सहा आठवडे हे दोन शब्द माझ्या जिभेवर होते. मी बोललो नाही. मला वाटलं, बरी होऊ दे, मग सांगतो. ती बरी झाली नाही.

मग सुतकाचे सात दिवस. शोशना आणि तिचा भाऊ आपल्या रीतीप्रमाणे खाली बसले. शोशना चाळिशीची, तिला खाली बसता येईना, दोघांनी धरून बसवलं. आणि ती सातही दिवस एकच बोलत होती, हिब्रूत, येणाऱ्या प्रत्येकाला: मी तिला नको येऊ म्हटलं, मी तिला मारलं. मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. तेवढ्यात रिबकाआजी आली. सत्तर वर्षांची. शोशनासमोर मांडी घालून बसली, तिचे हात हातात घेतले, रडली, आणि निघायच्या वेळी उठली. भिंत नाही, खुर्ची नाही, कुणाचा हात नाही. पदर सावरत सरळ उठली. रिबकाआजी, टेबल घेऊन द्यायला कुणी भाचा नव्हता तुला. वाचलीस.

शोशना, तू नाही मारलंस. एक आठवडा आई आली नाही म्हणून आई मरत नाही. फरशीवर बसलेली बाई उठू शकत नाही, म्हणून मरते. आणि ते उठणं मी काढून घेतलं होतं. डॉक्टरांनी नाही. त्यांचं नाव कोणी घेऊ नका, ते बरोबर बोलले होते. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. फक्त जे माझं आहे ते तू वाहू नकोस. मला परत दे.

काल घरी दार लावून मी जमिनीवर बसलो. मी शंभर किलो उचलतो, मंडळी. बसलो, आणि हात न टेकता उठायला गेलो. नाही उठता आलं. भिंत धरावी लागली.

आता दोन मिनिटं शांत राहायचं. अशा वेळी आपण उभे राहतो. आज उभे राहू नका. माझी विनंती आहे, खुर्च्या मागे सारा आणि खाली बसा. ज्यांना जमेल त्यांनी मांडी घाला, ज्यांना जमणार नाही त्यांनी पाय पसरा, मावशी रागावणार नाही. दोन मिनिटं झाली की रिबकाआजी आधी उठेल. मग तुम्ही. ज्याला जमणार नाही त्यानं शेजाऱ्याकडे हात मागावा, लाजू नये. त्या शुक्रवारी तिथं एक हात असता तर पुरला असता.

शोशना, तुझ्याशेजारी जागा असली तर मी बसतो. नको म्हणालीस तर दाराशी बसेन.

मावशी, आम्ही खाली बसतोय.