टेप ड्राइव्हची पूजा

सोमवारच्या ऑडिटला जुनी ड्रॉइंग दाखवायचं काम वर्षाराणीकडेच होतं. म्हणून चाकणहून सुटलेल्या कंपनीच्या बसमध्ये, मागच्या सीटवरचे आयटीवाले बोलू लागताच तिने कान टवकारले.

“काय मिहिर, बॅकअपचा टेप ड्राइव्ह सुरू झाला?”

“झाला राव. आतून चिमूटभर कुंकू निघालं.”

“कुंकू?”

“खंडेनवमीला साहेबांनी त्याचीही पूजा केली. टेप घालायची फट दिसली, तिथंच वाहिलं.”

“भक्ती दांडगी. मग जुनी ड्रॉइंग निघाली का?”

“त्याआधी साहेबांनी चाचणी म्हणून स्वतःच्या हाताने एक बॅकअप घेतला.”

“कोऱ्या टेपवर ना?”

“समोर होती तिच्यावर.”

“म्हणजे ड्रॉइंगच्या?”

“हो. आता तिच्यात फक्त पूजेचे फोटो आहेत. झेंडूची पाकळी न् पाकळी स्पष्ट दिसते.”