चढ संपला असं वाटलं

बायको : दोर तुटला नाही. मी तोडला. दोन्ही पाय ब्रेकवर देऊन उभी राहिले, तेव्हा कुठे तुटला.

नवरा : अगं, पण का? जीप ओढायला नवा कोरा दोर घेतला होता.

बायको : मागच्या चाकातून धूर येत होता म्हणून. तुझ्या या जीपला हॉर्न नाही, दिवे नाहीत, बॅटरीच नाही. ओरडून ओरडून घसा बसला. टॉवेल हलवला, तर समोरून येणारे ट्रकवाले मला टाटा करून गेले. तुला फोन लावला, तर तू एंगेज. मित्रांना जीपचं कौतुक सांगणं चाललं असणार.

नवरा : मेस्त्री, फार बिघडलंय का हो?

मेस्त्री : ब्रेक चिकटलेत दादा. ड्रम तव्यासारखा तापलाय. ताईंनी थांबवली नसती तर टायर पेटला असता. चेसी मात्र एक नंबर. असं लोखंड आता मिळत नाही.

नवरा : ऐकलंस? मी तेच सांगत होतो.

बायको : तुला त्यातलं तेवढंच ऐकू आलं. दोन महिने बदलीचं सांगतेय, तेही असंच. सोमवारी उत्तर द्यायचंय मला.

नवरा : आता बदली कुठून आली मध्येच? चुकलं माझं, बास? आलो ना परत?

बायको : अठरा किलोमीटर पुढे जाऊन. मागची अख्खी गाडी गेली, बायको गेली, आणि तुला कळलं नाही?

नवरा : पिकअप एकदम हलकी झाली. मला वाटलं, चढ संपला.

बायको : चढ संपला.

नवरा : टोलनाक्यावर त्यानं एकाच गाडीची पावती फाडली, तेव्हा उतरून बघितलं. तशीच गाडी वळवली, खरं सांगतो.

बायको : म्हणजे टोलवाल्याला कळलं.

नवरा : उगाच शब्दात पकडू नकोस. त्याआधी दर दोन मिनिटांनी बघत होतो मी तुझ्याकडे.

मेस्त्री : कशातून बघत होता दादा? दोन्ही आरसे मिटलेत तुमचे. आणि मागची काच तर या जीपच्या मागच्या सीटांनी झाकलीय.



बायको : जीप विकणाऱ्याच्या बोळातून निघताना मिटले होतेस. पहाटेपासून तुझ्या मागे बांधलेली आहे मी. एकदाही बघितलं नाहीस, वर तोंडावर खोटं बोलतोस.

नवरा : राहिले उघडायचे. मुद्दाम केलं का मी? चार वर्षं शोधत होतो असली जीप. डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

बायको : माहितीय. ट्रकवर घालून नेऊ म्हटलं, तर म्हणालास, दोर आहे की. दोराला मागे बसायला माणूस लागतो. ते विचारलंस कोणाला? गृहीत धरलंस. ही आहेच.

नवरा : हळू बोल जरा. परक्या माणसासमोर काय चाललंय?

बायको : परके कसले? त्यांनीच ढकलत आणलं मला इथवर.

मेस्त्री : मी जरा चहा सांगून येतो.

बायको : नको, तुम्ही काम करा. याला म्हणावं, शाखेची प्रमुख म्हणून बोलावतायत मला. नवं गाव, नवं घर बघावं लागेल. विचारलं की याचं ठरलेलं, 'बघू'. या जीपला कसं नाही म्हणाला 'बघू'? फोटो आला आणि तासाभरात हो म्हणून मोकळा.

नवरा : बरं, घरी पोचलो की शांतपणे बोलू. आज शनिवार आहे. उद्याचा दिवस आहे हातात.

बायको : मी कळवलं.

नवरा : काय कळवलं?

बायको : येते म्हणून. या बाकावर बसून.

नवरा : मला न विचारता?

बायको : दोन महिने कोणाला विचारत होते? दोर तुटल्यावरही पहिली दहा मिनिटं तुझ्या फोनची वाट बघितली. म्हटलं, आता करेल. मग टाकलं कळवून.

नवरा : मी... मला खरंच वाटलं की तू मागे आहेस.

बायको : हो. तेच वाटत असतं तुला.

मेस्त्री : झालं बघा. ब्रेक सोडवलेत, आणि दोराऐवजी लोखंडी दांडा लावलाय. पण मागच्यानं डोळ्यांत तेल घालून बसायचं. कोण बसतंय?

बायको : इथून पुढची एसटी किती वाजता मिळेल मला?

नवरा : थांब. पिकअप तू चालव. मागे मी बसतो.

बायको : अजून चारशे किलोमीटर आहे.

नवरा : असू दे.

बायको : चल मग. भीती वाटली तर हात कर. मी थांबेन.