पह्यले घरचा फोन

दारव्ह्याहून बोरी अरबला जाणारी जीप भरायची वाट पाहत साधना मागच्या बाकावर बसली होती. पुढं ड्रायव्हर गोविंदा आणि गाड्यांची वायरिंग करणारा मुख्तार यांचं जीपमध्ये फोनचं चार्जिंग बसवणं चाललं होतं.

“मुख्तारभाई, बॅटरी बारा व्होल्टची, फोनले लागते पाच. अन् तू हा तीन पायांचा स्वस्त रेग्युलेटर लावून राह्यला?”

“महागवाला नागपूरले भेटते. पाच तं हाही देते.”

“पण तापते ना!”

“तापनच. म्हणून तं जीपच्या पत्र्याले बोल्टानं कसला. आता त्याले थंड कराले अख्खी जीप आहे.”

“वा रे डोकं! पण कोणाचा फोन जळला तं? कापसाचा भाव पडला तशा सवाऱ्याही कमी झाल्या. गावात लाइट नसते, चार्जिंगपायी तरी लोक माह्या जीपमधी बसतीन म्हटलं.”

“म्हणून पह्यले माह्या घरचा फोन लावला. दे रेस.”

इंजिन गुरगुरलं.

“अजून दे.”

“नवा दिसते फोन.”

“हुस्नाबीचा आहे.”

“भाबीले सांगतलं?”

“तू रेस दे ना बाप्पा!”

फोनवरच्या बॅटरीच्या कांड्या एकेक करून चढू लागल्या.

“मानलं तुले, मुख्तारभाई!”

साधनानं पिशवीतून आपला बंद पडलेला फोन काढला आणि पुढं केला.

“दादा, भाबीचा झाला की माहा लावा.”