लॅटिनची पहिली पाळी

महूच्या बसमध्ये मागच्या सीटवर नवरा-बायको बोलत होते.

“होमिओपॅथी करायची तर लॅटिन लागतं, मंगला. औषधांची नावंच लॅटिन. चर्चचे फादर घरी येऊन शिकवतील.”

“घरी बिलकुल नको. सायबर कॅफेत ऑनलाइन शिका.”

“घरी चहा तरी मिळेल.”

“तुमची मिल बंद झाल्यापासून दिवसभर चहाच तर करते मी. शिवाय कॉलनीत विचारतात, भाभीजी, भाईसाब खरंच लॅट्रिन शिकताहेत?”

“पण कॅफेत सकाळीच जागा मिळते गं.”

“मग पहिली पाळी समजा. डबा भरून देते.”

“इतक्या सकाळी जाग कशी येणार? मिलचा भोंगा तर कायमचा गेला.”

“मी आहे ना.”

“हो, तुझा आवाज पार बड्या गणपतीच्या देवळापर्यंत जातो.”