दर्शनाआधी पाय धुतले

पाय धुण्यावरून आठवलं. इंदूर मध्य भारत राज्यात होतं तेव्हाची गोष्ट. भाड्याच्या मोटारीतून आम्ही मामांबरोबर जैसलमेरला निघालो होतो. मामा होळकर दरबारात नोकरी केलेले. वाळवंटातल्या रस्त्यावर घुमट दिसला की ते गाडी थांबवत. न बघता पुढे जाणं त्यांना कमीपणाचं वाटे.

एके ठिकाणी खांबांवर घुमट असलेली सुंदर दगडी छत्री होती आणि तिच्यापुढे पायऱ्यांचं तळं.

"देऊळच आहे," मामांनी निकाल दिला. "पाय धुवा सगळ्यांनी. खजराण्याच्या गणपतीला धुता ना?"

आम्ही तळ्यात उतरून चांगले चोळून धुतले. मी तर दोन गुळण्याही केल्या. वर जाऊन पाहतो तो देव नाहीच, कुणा ठाकुराची समाधी! मागे वळलो, तर पायऱ्यांवर घडे घेतलेल्या बायका आमचं आटोपायची वाट बघत उभ्या.

ड्रायव्हर हळूच म्हणाला, "भियाजी, पूरा गाँव यही पानी पीता है."

मामा एकदम छत्रीची नक्षी न्याहाळू लागले.

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं. उलट छत्रीच्या सावलीत बसलेल्या एका म्हातारीने आपल्या घड्यातून लोटा भरून माझ्यापुढे धरला. घशाला कोरड पडली होती, तरी मी म्हणालो, "नहीं माँजी, प्यास नहीं है."

"पी लो, बाबूजी," ती म्हणाली. "ये घड़ा आपके पाँव धोने से पहले भरा था."